चार बोटांचं छप्पर

मूमिना माझी भावजय. माझ्या भावाशी तिने दोनदा लग्न केलं आणि दोनदा मोडलं. आमच्या हिरुंदू बेटावर याचं कुणाला नवल नाही. माझ्या आईने तीन नवरे केले आणि तिच्या मयताला तिघेही येऊन रडले. माझा भाऊ झकरिया आता वेगळ्या घरात राहतो, पण संध्याकाळचं जेवण मूमिनाकडेच जेवतो, आणि चांगला मासा मिळाला की पहिला तिच्याच दारात आणून टाकतो. मी मात्र तिची नणंद एकदाच झाले आणि तीच राहिले. झकरिया म्हणतो, नणंदेला तलाक देता येत असता तर मूमिनाने तिसरा तुलाच दिला असता.

खरं आहे. आमचं दोघींचं पटत नाही, आणि एकीवाचून दुसरीला करमत नाही. ती बोलते कमी. तिच्या वाटणीचंही मलाच बोलावं लागतं.

हिरुंदूवर आम्ही चौदा बायका माडाची झापं विणतो. पात्या सोडवायच्या, समुद्राच्या पाण्यात भिजत घालायच्या, वाळवायच्या, मग हातभर लांब काठीवर दुमडून काथ्याने एकेक आवळत जायचं. शेवटची गाठ जिची तिची. कदीजा ती दुहेरी मारते, शरीफा आत खोचते, माझी उजवीकडे पडते कारण मी डावखुरी. मूमिना बत्तीस वर्षं हे काम बघते. प्रत्येक झाप दोन हातांनी ताणून पाहते. सैल निघालं की काही न बोलता विणणारीच्या पायाशी टाकते. माझ्या पायाशी सगळ्यात जास्त पडायची. गप्पा मारताना हात आवळत नाहीत, त्याला मी काय करू? कबूल करते, कधी कधी मी एखादं सैल झाप तिची नजर चुकवून गठ्ठ्याच्या मधोमध सरकवून द्यायचे.

हे गठ्ठे जायचे समोरच्या बोशीफुशीला. धोणीने, म्हणजे आमच्या होडीने, वीस मिनिटं लागतात. सगळं बेट म्हणजे एक रिसॉर्ट. तिथल्या चाळीस व्हिलांवर आमचीच झापं. दर चार वर्षांनी त्यांची शाकारणी व्हायची, आणि तेवढ्यात आम्हा चौदा जणींचं नीट चालायचं. आमच्या स्वतःच्या घरांवर मात्र पत्रे आहेत. हिरुंदूवर शेवटचं झापांचं घर मी परकरात होते तेव्हा पडलं. आणि बोशीफुशीवर आमच्यातली एकही बाई कधी उतरली नव्हती. गठ्ठे पुरुष पोचवायचे. मूमिनाने बत्तीस वर्षं तिथले दिवे लागताना पाहिले, पण छप्पर पाहिलं नव्हतं.

मग ते वर्ष आलं. फेब्रुवारीत बोशीफुशीला चाललेला एक पडाव वाऱ्यामुळे आमच्या बंदरात थांबला. त्यावर खोकीच खोकी. खलाशाने एक फोडून दाखवलं. आत प्लास्टिकची झापं! रंग हुबेहूब वाळक्या पातीचा, वर मुद्दाम काढलेले काळे ठिपकेसुद्धा. खोक्यावर लिहिलं होतं, वीस वर्षं हमी. मूमिनाने एक पाती बोटांत चोळली, नाकाला लावली.

"याला वासच नाही," ती म्हणाली, आणि घरी गेली.

वीस वर्षं! मी साठीची. माझ्या हयातीत बोशीफुशीला पुन्हा झाप लागणार नाही, हा हिशेब मलाही आला.

मार्च संपता संपता साथ आली आणि सरकारने देशाची दारं लावली. रिसॉर्टचे पाहुणे गेले, पाठोपाठ शाकारणी करणारे परदेशी कामगारही आपापल्या देशी गेले. एक व्हिला प्लास्टिकचा झाला होता, तेवढाच. आमचे गठ्ठे शेडमध्ये आढ्याला टेकले. ते कुणी नेणार की नाही, कुणी सांगेना. बाकीच्या बायकांनी हात झटकले. मूमिना रोज सकाळी जाऊन विणत बसायची.

"कुणासाठी विणतेस बाई?" मी विचारलं.

"पात्या भिजवून ठेवल्यात. कुजतील."

तिची मुलगी नशवा मालेला, आमच्या राजधानीत, नोकरीला. मालेहून बाहेर पडायला बंदी, त्यामुळे मोठ्या ईदला पोरगी घरी आली नाही. फोनवर रडली. मग सप्टेंबरात तिने एक उद्योग केला. रिसॉर्ट उघडले होते, पाहुणे नव्हते, म्हणून देशातल्या माणसांना सवलत ठेवली होती. ज्या बेटांवर आजार नाही तिथल्या लोकांनी तपासणी करून जायला हरकत नव्हती. नशवाने आईला आणि मला बोशीफुशीचे दोन दिवस भेट दिले.

"आई, मला येता येत नाही, निदान तू तरी कुठे जाऊन ये. हवापालट होईल."

"समोरच्या बेटावर हवा वेगळी असते होय?" मूमिना म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

मी लगेच हो म्हटलं. मला मऊ गादी आवडते, त्यात लाजायचं काय? पण दुसऱ्या दिवशी सकाळी मूमिनाच माझ्या दारात उभी.

"येते मी. मला ते छप्पर बघायचंय. एकदा गेलं की गेलं."

तपासणी आरोग्य केंद्रात. नाकात काडी घालणारी पोरगी माझ्या चुलत बहिणीची नात. लहानपणी तिचं शेंबडं नाक मी पुसायचे, त्याचा तिने पुरेपूर सूड उगवला. काड्या बोटीने मालेला गेल्या, चार दिवसांनी निरोप आला की दोघी ठीक आहेत. परत आल्यावर मात्र चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही, असा नियम.

"दोन दिवसांची चैन आणि चौदा दिवसांची कैद," झकरिया बंदरावर ओरडला. "आणि मला जेवायला कोण घालणार?"

"स्वतः शिजव," मूमिना बोटीतून म्हणाली. "दोन बायका झाल्या तुझ्या, अजून भात येत नाही."

"दोन्ही वेळेला तूच होतीस!"

बोशीफुशीच्या धक्क्यावर एकाने आमच्या कपाळाला बंदूक लावून ताप मोजला, दुसऱ्याने नारळपाणी दिलं. नारळात वाकडी नळी आणि एक फूल. व्हिला क्रमांक बारा. पलंगावर पाकळ्यांचं हृदय काढलेलं. मूमिनाने सगळ्या पाकळ्या गोळा करून वाटीत पाण्यात घातल्या, सुकून जातील म्हणून. न्हाणीघराला छत नव्हतं, त्यावर मी म्हटलं, एवढे मोठे लोक आणि न्हाणीवर घालायला पत्रा मिळाला नाही.

मूमिनाचं लक्षच नव्हतं. ती डोक्यावरच्या ओढणीसकट पलंगावर उताणी झाली आणि छपराकडे बघत राहिली. आतून झापं उघडीच दिसत होती, ओळीवर ओळ, थेट आढ्यापर्यंत. मला वाटलं झोप लागली. पण डोळे टक्क उघडे.

"काय बघतेस एवढं?"

"माणसं."

"कुठली?"

तिने बोट वर केलं. "ती कदीजाची ओळ. ती बघ शरीफाची, बाळंतपणाच्या आधीची, घाईतली. ती माझी. त्या पलीकडच्या बारा आपल्या हमीदाच्या." हमीदा तीन वर्षांपूर्वी वारली. मूमिनाने बोट खाली घेतलं नाही. "काय हात होता तिचा!"

मीही शेजारी आडवी झाले. मला चष्म्यातूनही एक गाठ ओळखता येईना. पण मला बरं वाटत होतं, हे सांगायलाच हवं. आयुष्यभर आम्ही विणलं आणि त्याखाली पहिल्यांदा आडव्या झालो. पत्र्याखाली दुपारी डोकं उठतं, इथे गार सावली होती आणि पातीचा तो वाळका, खारट वास.

"आणि माझी कुठली?" मी विचारलं.

"तुझी इथून दिसत नाहीत," मूमिना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा पलंगावर मी एकटी. बाहेर खर्र खर्र आवाज. आमच्याकडे उजाडायच्या आत आपल्या दारासमोरचा रस्ता झाडला नाही तर त्या घरातल्या बाईला नावं ठेवतात. व्हिलात खराटा नव्हता. म्हणून मूमिनाने पडलेली झावळी ओढून आणली, हीर काढून दहा मिनिटांत खराटा बांधला, आणि आमच्या दारापासून समुद्रापर्यंतची वाळू झाडून काढली. शेजारच्या व्हिलाचीही. किनारा झाडायचं काम मोनिर नावाच्या बंगाली गड्याचं. तो दाताळं घेऊन आला आणि झाडलेली वाळू बघून घाबरला.

"मावशी, हे काय केलंत? साहेबांनी पाहिलं तर म्हणतील, मोनिर पाहुण्यांना कामाला लावतो."

"मी सकाळी झाडल्याशिवाय चहा पीत नाही."

"मग मी काय करू?"

"तू पलीकडचं झाड. उद्या आपण अर्धं अर्धं करू."

न्याहारीला मासहुनी होती. खोबरं ताजं, कांदा ताजा, आणि मासा डब्यातला! समोर समुद्र असताना डब्यातला मासा! मी आचाऱ्याला बोलावून सांगितलं की माझ्या भावाला कळलं तर तो हे बेट बुडवेल. आचारी हसला. मी तीनदा वाढून घेतलं, पण सांगायचं ते सांगितलं.

दुपारी जेवून आम्ही पडलो होतो. समुद्रावरून काळं आभाळ आलं आणि सरीवर सर कोसळायला लागली. मला गुंगी येत होती, आणि गालावर टप्पकन थेंब पडला. मग दुसरा. डोळे उघडते तर मूमिना आधीच उठलेली. तिने मला कुशीवर ढकललं आणि मी होते तिथे बर्फाची चांदीसारखी बादली आणून ठेवली.

"झोप. थांबेल आत्ता."

"झोप काय? गळतंय! नशवाने आपल्याला इथे भिजायला पाठवलंय का? घरचा पत्रा बरा!" माझा पारा चढला होता. मी टेबलावरचा फोन उचलला.

मूमिनाने माझं मनगट धरलं. "रुगिय्या, नको."

"का नको?"

"नको म्हणते ना."

कारण सांगेना. आणि कारण न सांगता कुणी मला अडवलं की मी ती गोष्ट हटकून करते, हे तिला चाळीस वर्षं माहीत आहे. मी फोन केला. वर मोठ्या आवाजात म्हटलं, छप्पर शाकारता येत नसेल तर माणसांना बोलावता कशाला?

पाच मिनिटांत मॅनेजर स्वतः छत्री घेऊन हजर. शियाम नाव, पस्तिशीचा, मालेचा. त्या शहरात सगळं सिमेंटचं, त्यामुळे छपरातून पाणी येतं म्हणजे काय हे त्याला पुस्तकात वाचूनच ठाऊक असावं. तो बिचारा मास्कच्या आतून दहा वेळा माफी मागत होता.

"मावशी, तुमचं अगदी बरोबर आहे. हेच तर मी वर सांगतोय. ही झापं चालत नाहीत. गळतात, कुजतात. आता तुमच्यासारख्या आपल्या माणसांनीच तक्रार केली, उद्याच वर लिहून पाठवतो. नोव्हेंबरच्या आत सगळीकडे प्लास्टिक."

मी मूमिनाकडे बघितलं. ती बादलीकडे बघत होती.

"झापं आम्ही विणलीत," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं. माझी झापं गळत नाहीत."

शियाम ओशाळला. बादलीत टप्पकन आवाज झाला. मग तो हळूच म्हणाला, "तुम्हाला तेरा नंबरमध्ये हलवतो. ते नवीन आहे."

तेरा नंबर म्हणजे प्लास्टिकवालं. पाऊस संध्याकाळपर्यंत पडला आणि आत एक थेंब आला नाही. खोटं कशाला सांगू? कोरडं ठणठणीत होतं. मूमिनाने जेवण अर्धं टाकलं आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी दोनदा माफी मागितली, एकदा भांडून पाहिलं. काही नाही. चौदा बायकांचं काम मी एका फोनमध्ये बुडवलं होतं, आणि तेही कुणाच्या नादाने नाही, स्वतःच्या तोंडाने.

सकाळी बोट दहाला सुटणार होती. उजाडताच खर्र खर्र ऐकू आलं नाही म्हणून मी बाहेर आले. मूमिना बारा नंबरच्या वळचणीखाली उभी, आणि मोनिर शिडी आणतोय.

"धर," ती मला म्हणाली. कालपासूनचा पहिला शब्द.

मी शिडी धरली. साठीची बाई लुगड्यासारखा झगा खोचून वर चढली. झापांच्या ओळीत हात घातला, बोटं पसरली, मोजलं. दोन पायऱ्या वर गेली, पुन्हा मोजलं. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, आणि ते दुवा मागणं नव्हतं. तेवढ्यात शियाम पायात चप्पल न घालताच धावत आला.

"मावशी! खाली या! पडलात तर माझी नोकरी जाईल!"

"या बेटावर सगळ्यांची नोकरी फार नाजूक दिसते," मूमिना वरून म्हणाली. "इकडे ये. हात दे तुझा."

त्याला शिडीच्या चार पायऱ्या चढायला लावून तिने त्याचा पंजा दोन ओळींच्या मध्ये ठेवला.

"केवढं अंतर आहे?"

"एक… एक वीत."

"चार बोटं पाहिजे. कुणी घातलं हे छप्पर?"

"आमचे कामगार. गेल्या वेळी घाई होती. कमी झापांत भागवा असं सांगितलं होतं." तो थांबला. "मी सांगितलं होतं."

"वितीवर घातलं तर गळणारच."

शियाम खाली उतरला. पण पोरगा हुशार. वर बघत म्हणाला, "मावशी, एक सांगा. सगळीकडेच वीत आहे. सगळ्या व्हिलांवर. मग गळलं फक्त पलंगावर, त्या एकाच जागी का?"

मूमिनाने पलंगाच्या बरोबर वरचं एक झाप उपसून काढलं होतं, ते हातात धरून ती समुद्राकडे बघत राहिली. मी शिडी धरून खाली. झापाचं टोक माझ्या नाकासमोर लोंबत होतं. काठीवरून पात्या सरकल्या होत्या, मधे दोन बोटं मावतील एवढी फट. आणि शेवटची गाठ उजवीकडे.

चौदा जणींत डावखुरी मी एकटी.

ती खोटं बोलणार नाही, मला माहीत होतं. आणि माझं नावही घेणार नाही. ती तशीच उभी राहिली असती, शियामने तेच उत्तर समजून झापं नकोत असं वर लिहून पाठवलं असतं, आणि आम्ही दहाच्या बोटीने गेलो असतो.

"ते माझं आहे," मी म्हटलं. "सैल आहे. मी सैलच विणते. तिने परत टाकलं असतं म्हणून मी गठ्ठ्यात लपवून दिलं."

"म्हणजे काल," शियाम म्हणाला, "तुम्ही तुमच्याच झापाची तक्रार केलीत?"

"वर मोठ्या आवाजात," मोनिर म्हणाला. तो कुठून ऐकत होता कुणास ठाऊक.

शियामने तोंड फिरवलं. मास्क असूनही हसताना खांदे दिसतात. लाजेने माझे कान तापले होते. मूमिना खाली उतरली आणि ते झाप तिने, सवयीने, माझ्या पायाशी टाकलं.

"चौदा बायकांत एखादं सैल झाप असणारच," ती शियामला म्हणाली. "म्हणून तर चार बोटं. चार बोटांवर घातलं की हिच्यावर कदीजा येते, कदीजावर शरीफा, तिच्यावर मी. हिची चूक तिघी झाकतात. तू वितीवर घातलंस आणि हिला एकटीला पावसात उभं केलंस."

शियाम आता हसत नव्हता.

"तुझी खोकी लावणारी माणसं कधी येणार?" तिने विचारलं.

"परवानगी मिळाली की. कधी ते माहीत नाही."

"आणि पाहुणे?"

"नोव्हेंबरात."

"हा एक व्हिला मला दे. झापं शेडमध्ये पडून आहेत. माझ्या बायका घेऊन येते. चार बोटांवर घालते. मग त्यावर तुझा आग विझवायचा पाइप लाव आणि तू स्वतः पलंगावर झोप. एक थेंब पडला तर तुझं पत्र मी टाकते टपालात."

त्याने छपराकडे बघितलं. मग म्हणाला, "पत्र दोन महिने थांबवतो."

मग आमची चौदा दिवसांची कैद. मूमिनाच्या घरात आम्ही दोघी. झकरिया भिंतीवरून मासा टाकायचा आणि पलीकडे उभा राहून तक्रार करायचा की त्याने भात केला आणि मांजरानेही खाल्ला नाही. त्याला डबा भिंतीवरूनच जायचा. मूमिनाने परसात माझ्यापुढे भिजवलेल्या पात्यांचा ढीग टाकला आणि मला विणायला बसवलं. ताणून बघायची, पायाशी टाकायची. चौथ्या दिवशी माझी बोटं सोलली.

"त्या दिवशी तू म्हणालीस, तुझी दिसत नाहीत," मी म्हटलं.

"दिसत होतं. पलंगाच्या बरोबर वर. गेल्या गेल्या दिसलं."

"मग सांगितलं का नाहीस? सांगितलं असतंस तर मी फोन केला असता का?"

ती पात्या आवळत राहिली. "तू सुट्टीवर आली होतीस," ती म्हणाली.

यावर मला रडू आलं. हिला मी चाळीस वर्षं घुमी म्हणते, आणि हिने माझे दोन दिवस खराब होऊ नयेत म्हणून सगळं काम पणाला लागलेलं असताना तोंड मिटून घेतलं होतं. मी नाक पुसलं आणि झाप तिच्या हातात दिलं. तिने ताणलं. मग बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवलं. त्या दिवसापासून मी विणताना गप्पा मारत नाही. म्हणजे कमी मारते.

ऑक्टोबरच्या मध्याला आम्ही चौदाही जणी नाकं टोचून घेऊन बोशीफुशीला गेलो. कामगारांच्या रिकाम्या खोल्यांत दहा दिवस राहिलो. रोज पहाटे चौदा खराटे चालायचे. मोनिर म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा सात वाजेपर्यंत झोपलो. आचाऱ्याने दुसऱ्याच दिवशी डबे बंद करून ताजा मासा आणला, कारण आता तक्रार करणाऱ्या चौदा होत्या. कदीजा उथळ पाण्यात कपड्यांसकट गळ्यापर्यंत बसून राहायची आणि बोलावलं तरी बाहेर यायची नाही. छपरावर चढायला तिघी, ओळ धरायला चौघी, खालून झापं द्यायला बाकीच्या. प्रत्येक ओळीला मूमिना चार बोटं ठेवून बघायची. तिच्या हाताची चार बोटं, माझ्या नाही, माझी जाड आहेत.

नवव्या दिवशी शियाम पांढरा सदरा घालून बारा नंबरच्या पलंगावर झोपला आणि मोनिरने वर पाइप सोडला. अर्धा तास. आम्ही सगळ्या खिडकीला नाकं लावून. शियाम उठला, सदरा पुढून मागून दाखवला. कोरडा. मग त्याने तेरा नंबरवरही पाइप सोडायला लावला. तेही कोरडं. पण तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, आणि तो त्या पलंगावर पाच मिनिटं पडून घामाने ओला होऊन बाहेर आला.

सगळं काही आमच्या मनासारखं झालं नाही. पाण्यावरच्या पंधरा व्हिलांना प्लास्टिक लागणार, ते ठरलेलंच राहिलं. किनाऱ्यावरच्या पंचवीसांतल्या, तेरा नंबर सोडून, बाकीच्या आमच्या. चार बोटांवर घालायचं म्हणजे झापं तिपटीने लागतात, त्यामुळे चौदा जणींना काम पुरून उरतं. शियामने नवं पत्र लिहिलं, त्यात चार बोटं असं आकड्यात नाही, अक्षरात लिहिलं. मूमिनाने ते दोनदा वाचून घेतलं.

निघायच्या दिवशी बोटीला वेळ होता. शियाम म्हणाला, "मावशी, दोघी बारा नंबरमध्ये आराम करा. तुमची सुट्टी अर्धी राहिली होती."

आम्ही आडव्या झालो आणि बाहेर पाऊस सुरू झाला. मी वर बघितलं. आता मलाही गाठी ओळखू येत होत्या. बरोबर माझ्या नाकावर एक झाप, घट्ट, उजवीकडे गाठ. त्यावर चार बोटांवर कदीजा, मग शरीफा, मग मूमिना.

"मुद्दाम इथे लावलंस ना माझं?"

"हो."

"आणि गळलं तर?"

"तर या वेळी फोन मी करीन," मूमिना म्हणाली, आणि कुशीवर वळून घोरायला लागली.

पाऊस तासभर पडला. बोटवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. मी काही तिला उठवलं नाही.